बंबाच्या वेबसाइटचे शुभेच्छुक

आमच्या घराण्यात कुणी शिंकलं तरी चौकात फलक लागतो आणि त्याखाली साठ शुभेच्छुकांची नावं येतात. माझ्या लग्नपत्रिकेत निमंत्रकांची एवढी दाटी झाली होती की नवरा कोण हे शोधायला सासऱ्यांनी भिंग आणलं. ज्याचं नाव राहिलं तो जेवायला येत नाही. आलाच तर जेवत नाही. आणि जेवलाच तर मरेपर्यंत ते जेवण बोलून दाखवतो. माझ्या मोठ्या भावाचा धंदा याच रोगानं गेला, आणि त्या धंद्याला रोग लावणारा मी.

दादा एकलहऱ्याच्या वीज केंद्रात ठेकेदाराकडे होता, कोळशाच्या बेल्टवर. सुट्टीच्या दिवशी जुन्या नाशकातल्या एका गाळ्यात तो तांब्याचे बंब घडवायचा. त्याचा हात असा, की त्यानं ठोकलेल्या बंबात पाणी विस्तव पाहूनच तापायला लागायचं. मी तेव्हा इंदिरानगरात कॉम्प्युटरचा क्लास चालवायचो आणि मला येत होतं त्याच्या दसपट शिकवायचो. दादाच्या बंबांची वेबसाइट मी दोन दिवसांत उभी केली. त्या काळी बंबाची दुसरी वेबसाइट अख्ख्या देशात नसावी. सर्च इंजिनात बंब टाकला, की पहिल्या पानावर पहिल्या ओळीत दादा. बडोद्याहून फोन, बंगलोरहून फोन. अमेरिकेतून एका बाईंनी नुसती चौकशी केली, तर मी गावात सांगताना त्यांचे सात बंगले केले आणि प्रत्येकात दोन बंब बसवले.

दादानं नोकरी सोडली. वहिनीनं मला स्वयंपाकघराच्या दारात गाठलं. "भाऊजी, तुमच्या त्या डब्याच्या भरवशावर चार माणसं जेवणार आहेत आता. बघा बरं."

"वहिनी, पहिला नंबर तो पहिला नंबर! तो काय हलतोय?"

दोन वर्षं नाही हलला. मग मालेगावचे मामा आले. त्यांचं साड्यांचं दुकान. मी कौतुकानं त्यांना वेबसाइट दाखवली. मामांनी ती वरपासून खालपर्यंत पाहिली आणि म्हणाले, "खाली जागा रिकामी दिसते. आपल्या माणसांची नावं नाहीत कुठं?"

टाकलं मामांचं नाव, 'आमचे शुभेच्छुक' म्हणून. मामांचं टाकलं म्हटल्यावर काकांचं आलं, आत्याच्या यजमानांचं आलं, मेहुणे आले, मेहुण्यांचे साडू आले. मला चेव चढला. मी एकेकाची वेगळी वेबसाइट करत सुटलो. चपलांच्या दुकानाची केली, मंडपवाल्याची केली, रसवंतीची केली. प्रत्येकीच्या तळाशी तीच यादी, कुठल्याही नावावर बोट दाबा, त्या नातेवाइकाच्या वेबसाइटवर निघालात. अख्खं गोत मी कॉम्प्युटरमध्ये पंगतीला बसवलं आणि स्वतःच वाढपी झालो.

एका सकाळी दादा दुसऱ्या पानावर होता. आठवड्यानं चौथ्या. मग नवव्या. नवव्या पानावर कोण जातं? फोन बंद पडला की काय म्हणून दादा रिसीव्हर उचलून कानाला लावायचा आणि हळूच खाली ठेवायचा. मी म्हणायचो, "मशीनची तब्येत असते रे, येईल जाग्यावर." महिना गेला, दुसरा गेला. घडवलेले बंब भिंतीपाशी तसेच उभे राहिले.

माझा एक जुना विद्यार्थी पुण्यात वेबसाइटच्याच कामात होता. सुट्टीत आला तेव्हा त्याला बसवलं. तो बराच वेळ माउस फिरवत राहिला.

"सर, ही वेबसाइट आहे की लग्नपत्रिका?"

"का रे?"

"एका वेबसाइटनं दुसरीचं नाव घेतलं की सर्च इंजिन ती साक्ष धरतं. पण तुमच्याकडे बंबाची साक्ष चपलेवाला देतोय, चपलेवाल्याची मंडपवाला, मंडपवाल्याची पुन्हा बंबवाला. सर्च इंजिनाला वाटलं, तुम्ही खोटे साक्षीदार उभे केलेत. म्हणून ढकललं खाली."

"अरे, पण सगळी सख्खी माणसं आहेत!"

"ते त्याला कोण सांगणार, सर? सगळी नावं काढा. काही महिने थांबा. वर येईलही कदाचित."

त्याच दिवशी मी सगळी नावं काढली, सगळीकडची. आठव्या दिवशी मामा एसटीनं गाळ्यावर हजर. दादानं स्टूल पुढे केलं, ते बसले नाहीत.

"काय रे भो, मी आजून जित्ता शे ना?"

"असं काय बोलता, मामा?"

"मग नाव काय म्हणून पुसलं? माणूस गेल्यावर पुसतात नाव." मग दादाकडे वळून आवाज उतरवला. "तुझ्या पोरीच्या स्थळाचं मी बोलतोय त्या लोकांशी. उद्या त्यांनी विचारलं, मामाला भाच्याच्या घरात काय किंमत आहे, तर काय तोंड दाखवू?"

मी सर्च इंजिन समजावू लागलो. मामांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच ते काल रात्री दारू पिऊन बनवलं होतं. वहिनी डबा घेऊन आली होती. ती तो हातात धरून तशीच उभी राहिली.

दादानं हातोडी खाली ठेवली. "टाक परत."

"दादा, आता परत टाकली तर संपलं."

"कळतंय मला. टाक. सगळ्यांची."

टाकली. पोरीचं लग्न झालं, पत्रिकेत एकही नाव सुटलं नाही. बंब नवव्या पानावरूनही गेला. वेबसाइटवर रोज येणारे मला मोजता यायचे: आपलं नाव आहे ना, एवढं पाहायला येणारे आमचेच शुभेच्छुक. त्यांतल्या एकानंही कधी बंब घेतला नाही.

पावसाळा संपता संपता दादानं गाळा सोडला. एकलहऱ्याला ठेकेदारानं त्याला नवा माणूस म्हणूनच घेतलं, आणि नव्या माणसाला बेल्टच्या शेवटच्या टोकाला उभं करतात, जिथे सगळी धूळ उतरते. पन्नाशीला आला होता तो.

एका रविवारी त्यानं विचारलं, "पहिल्या पानावर आता कोण आहे रे?"

होता एक परप्रांतातला कारखाना. मशीनवर छापून काढलेले बंब, पत्रा कागदासारखा. मी आयुष्यभर लोकांना मुंगीचा हत्ती करून दाखवलाय, पण त्या दिवशी पहिल्यांदा हत्ती लपवला.

"कुणी नाही, दादा. बंब कुणी शोधतच नाही आता."

"मग बरंय," दादा म्हणाला. त्याला बरं वाटलेलं मला दिसलं. मग त्याला खोकला आला, आणि मी उठून पाण्याचा तांब्या त्याच्यापुढे ठेवला.