विहीणबाईंना एकही शेवट पटत नाही

इकडं ये अशी, बस माझ्याजवळ. दारातूनच हात हलवून पळणारी तू. मावशी आहे की गेली, एवढं बघायलाही सवड नाही! आणि गेम म्हणजे लेकरांचं खूळ, असं मघाशी म्हणालीस ना, ते आधी माघारी घे. माझ्या लेकीची सासू, म्हणजे आमच्या घाटनांदूरच्या विहीणबाई, साठीच्या पुढं गेल्यात, आणि गेमच्या शेवटांना त्यांच्याइतकी नावं ठेवणारी बाई अख्ख्या बीड जिल्ह्यात नाही.

जावयानं पुण्यात गेम खेळायचं नवं यंत्र घेतलं आणि जुनं आईच्या टीव्हीला जोडून दिलं, तेव्हापासूनचा हा थाट. नऊवारीचा काष्टा आवळून, चष्मा पुसून बसायच्या. राक्षस मारायच्या, किल्ले घ्यायच्या आणि शेवट आला की तोंड कडू. एकदा राज्य वाचवलं, तर नायक डोंगरावर जाऊन आभाळाकडं बघत उभा, आणि खालून नावं सरकायला लागली. "ही कुणाची नावं?" मी सांगितलं, बनवणाऱ्यांची. "म्हंजी आहेर वाचायलेत व्हय! आन् पंगत कुटंय?" दुसऱ्या गेमात शेवटी विचारलं, राजाला मारायचं की सोडायचं? बाईंनी दोन्ही करून पाहिलं. दोन्हीकडं तोच पाऊस, तेच रडगाणं. "मग मला इचारलंस कावून रे मुडद्या?" असं टीव्हीला म्हणाल्या.

नेटवर तर त्यांचा दात. "घर माजं, टीव्ही माजा, लाईट माजी, खेळणारी मी एकटी, आन् परवानगी कुणाची? नेटाची!" नेट गेलं आणि गेम अडला की यंत्रावर फडकं टाकून पाठ करून बसायच्या. अगदी विहिणीचा रुसवा! लग्नात त्या पापडावरून रुसल्या होत्या, तेव्हा मी पाय धुऊन, साडी नेसवून समजूत काढली होती. इथं कंपनीकडून कोण येतंय तांब्या घेऊन?

पण एका गेमाला मी हात जोडायची. लग्नानंतर माझ्या लेकीचं आणि विहीणबाईंचं फोनवर बोलणं केवढं, तर "जेवलीस का?" "हो." "ठेवते." मग लेकीनं पुण्याहून आणि विहीणबाईंनी घाटनांदूरहून एकाच गेमात शिरून पडकं गाव वसवायला घेतलं. फोन शेजारी चालू. "माघं सर, माघं सर, मी हाय ना!" असं ह्या ओरडायच्या आणि तिकडं माझी लेक खिदळायची. ते ऐकलं की माझा जीव भांड्यात पडायचा.

आणि त्याच गेमाला कंपनीनं कुलूप लावायचं ठरवलं. नेटाशिवाय तो उघडतच नाही, म्हणजे गाव गेलं. ह्या दोघी परत "ठेवते" वर येतील की काय! शेवटच्या दुपारी मी मुद्दाम घाटनांदूरला गेलते. विहीणबाई आल्याआल्या कडाडल्या, "वंगाळ शेवट करणारे लई बगितले. ह्यांनी तर शेवटच केला न्हाई. दुकान हाय का हे, शटर वढायला?"

वेळ भरत आली. फोनवरून लेक सासूला म्हणाली, "आई, आता काय करायचं?"

"हालू नगंस. उभी ऱ्हा."

आणि बाईंनी आपल्या पोतडीतलं धान्य, सोनं, तलवार, कंदीलसुद्धा लेकीच्या गेमातल्या बाईच्या पायाशी ठेवलं.

"हे काय, आई?"

"ओटी. माज्या गावातनं रिकामी जाशील व्हय?"

लेकीनं तिची बाई वाकवली. नमस्कारच तो. तेवढ्यात पडदा काळा, आणि नेट जुळत नाही म्हणून एक ओळ. विहीणबाई काळ्या पडद्याकडंच बघत होत्या.

"घेतलंस का गं समदं?"

"घेतलं, आई."

पण फोन कुणीच ठेवला नाही. मीच उठून चहा टाकला. चहा उकळला, गाळला, तरी फोन चालूच होता, आणि विहीणबाईंचा हळूच आवाज आला, "आमच्या लग्नाच्या टायमाला काय झालतं, सांगू का तुला?"

आता येत्या रविवारी त्या आमच्याकडं लिंबागणेशला येतायत. तूही ये गं. नावं ठेवून घ्यायला मी एकटी पुरत नाही, आणि तुझ्यावाचून ओसरी लई मोठी वाटते.