उकळण्याआधीचा रस

द्राक्षांचे घड कोणीही धुवावेत. पण रस सुटला, की टाकीला हात फक्त वरसोलकरांचा लागे. झडप ते स्वतः उघडीत, पंपाचे बटण स्वतः दाबीत, आणि टाकीच्या, पिंपांच्या झाकणांवर सही केलेली कागदी पट्टी स्वतः चिकटवीत. अलिबागकडचे हे मराठी ज्यू गृहस्थ निरवांगीजवळच्या आमच्या रसाच्या कारखान्यात हंगामापुरते मुक्कामाला असत. परदेशी जाणारा रस कोशर, म्हणजे त्यांच्या धर्माच्या नियमांत बसणारा आहे, याची साक्ष त्यांच्या सहीने होई; उकळण्याआधी परधर्मीयाचा हात लागला, तर तो त्या नियमांत बसत नसे. मी तेथला उत्पादनप्रमुख.

पहिल्याच दिवशी गळती झडप बंद करायला मी हात घातला. त्यांनी मनगट धरून तो बाजूला केला.

"तात्या, उकळला की खुशाल हात घाला. त्याआधी नाही."

स्वर मऊ होता. पण सगळी पाळी पाहत होती. पंपावरचा दगडू म्हणाला, "तात्या, तुमच्या हातानं रस बाटतोय व्हय? आन् द्राक्षं तर तुमच्याच बागंतली हायेत." लोक हसले. मी हसलो नाही. त्याच दिवशी ठरवले.

दोन हंगाम मी त्यांचा शब्द मोडला नाही. चूक शोधत राहिलो, सापडली नाही. ते जेवण स्वतः रांधीत, शनिवारी कामाला शिवत नसत, आणि मालकाने घाई केली की एवढेच म्हणत, "सही माझी आहे, साहेब; घाई तुमची." हे वाक्य मला आवडे. पण म्हणून काही राग कमी झाला नाही.

तिसऱ्या हंगामात भर दुपारी त्यांना घेरी आली. साखरेचा आजार होता. टाकी उघडी होती. मीच म्हणालो, जाऊन बसा, मी आहे. त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि पट्टी न लावताच गेले. मी बाही वर केली आणि कोपरापर्यंत हात रसात बुडवला.

माल ट्रकवर चढला तेव्हा त्यांना बाजूला घेऊन सांगितले. दुसऱ्या कोणाला ठाऊक नव्हते. ते गप्प बसतील आणि उरलेला जन्म खोटी सही उराशी घेऊन काढतील, हाच माझा सूड होता.

त्यांनी एकच विचारले, "उकळण्याआधी, की नंतर?"

"आधी."

त्यांनी ट्रक थांबवला. प्रत्येक पिंपावरची पट्टी स्वतः सोलून काढली. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेला कळवले: "टाकी उघडी टाकून मी गेलो, माझी सही रद्द समजावी." माझे नाव त्यात नव्हते. मालकाने खोदून विचारले, तरी सांगितले नाही. त्यांचे काम गेले, माझे राहिले. पुढे दोन वर्षांत ते वारल्याचे ऐकले.

काम सुटले त्या दिवशी इंदापूरच्या स्टँडवर त्यांना पोचवायला मालकाने मलाच पाठवले होते. एसटी लागली. त्यांनी बॅग खाली ठेवली आणि हात पुढे केला.

"येतो, तात्या."

माझे हात पाठीमागे होते. ते तेथेच राहिले.