लिंबाजी उस्तादांची शिकवणी

जिनिंगमध्ये काम करणाऱ्याच्या कपड्याला रुई चिकटते आणि तोंडाला किस्से. रुई झटकली की जाते हो, किस्से कुठे झटकणार? निजामाच्या राज्यात मी आदिलाबादच्या एका जिनात कारकुनी केली. तिथले निम्मे किस्से एकट्या लिंबाजी उस्तादांचे!

उस्ताद म्हणजे इंजिनचे मिस्त्री. अख्खी जिनिंग एका तेलाच्या इंजिनच्या पट्ट्यावर चालायची, आणि ते खट्याळ इंजिन फक्त उस्तादांचं ऐकायचं. उस्ताद थकले होते. म्हणून शेठजींनी सरकीची पोती उचलणारा देवाजी त्यांच्या हाताखाली दिला. "ये सीझन में सीख गया तो इंजिन तेरा. नहीं तो फिर बोरे उठा!" देवाजीची पाठ आधीच कामातून गेलेली. गडी जीव टाकून शिकायला बसला.

आता शिकवणी ऐका.

*

इंजिन बंद पडलं की उस्ताद पाना हातात घेत, आणि नेमकं झाकण उघडायच्या वेळी म्हणत, "देवाजी, पानी आन!" देवाजी पळत जाई, पळत येई. तोवर इंजिन धडधडत असे आणि उस्ताद हात पुसत असत.

एकदा शेठजींनी विचारलं, "क्या सीखा?"

"विहिरीची सगळी माहिती झाली, शेठजी!"

*

मग देवाजीनं शक्कल लढवली. घागर आधीच भरून शेजारी ठेवली! उस्तादांनी घागरीकडे पाहिलं, देवाजीकडे पाहिलं, आणि डोक्यावरून चादर ओढून घेतली. चादरीसकट इंजिनवर ओणवे झाले. आत पाना खडखडू लागला. नेमके त्याच वेळी तहसीलदारसाहेब जिन पाहायला आले.

"मिस्त्रीजी बीमार हैं क्या?"

देवाजीनं हात जोडले. "नाही हुजूर, मले शिकवून राह्यले!"

*

हे शेठजींच्या कानावर गेलं आणि ते तापले. दुसऱ्या दिवशी स्वतः खुर्ची टाकून बसले. "मेरे सामने सिखाओ!"

उस्ताद खाकरले आणि सुरू झाले. इंजिन बैलगाडीवर कसं चढवलं, नदीच्या रेतीत कसं रुतलं, कोणता बैल बसला, त्या बैलाचा स्वभाव कसा होता... शेठजी जेवायला उठले तेव्हा गाडी अजून रेतीतच होती. संध्याकाळी मी देवाजीला विचारलं, काय शिकलास बाबा?

"बैल मेला बिचारा. त्याच्यापुढं काई सांगतलं नाही."

*

शेवटी शेठजींनी पुतण्याला बोलावलं. हा मुंबईला इंजिनिअरिंग शिकणारा. "शिकवणं हे सायन्स आहे!" म्हणाला, आणि भिंतीवर खडूनं झकास इंजिन काढलं. बाण काय, आकडे काय, विचारू नका! लेक्चर ऐकून देवाजीला घाम फुटला. मग पुतण्यानं खऱ्या इंजिनला हात घातला. ते जे बसलं, ते काही केल्या उठेना.

उस्ताद आले. भिंतीवरचं ड्रॉइंग डोळे भरून पाहिलं. म्हणाले, "यालेच पट्टा जोडा, भाऊ!"

*

आणि ऐन गर्दीच्या दिवसांत उस्तादांना ताप चढला. त्याच सकाळी इंजिन बंद पडलं. बेला गावाकडून आलेल्या कापसाच्या गाड्या पार रस्त्यापर्यंत उभ्या, गाडीवाले शिव्या देताहेत, शेठजींचं तोंड एवढंसं झालेलं. आम्ही उस्तादांचं घर गाठलं. दारातच शेठजींनी देवाजीला बजावलं, "आज पूछ के आ. नहीं तो कल से बोरे!"

देवाजी आत गेला. उस्तादांच्या कपाळावर पट्ट्या ठेवायला मीही गेलो.

देवाजी पायांशी बसला. "उस्ताद, आता तरी सांगा. काऊन लपवून राह्यले? माह्या पाठीत आता पोतं उचलाची ताकद नाही." आणि ढसाढसा रडायलाच लागला. खरं सांगतो, मला म्हाताऱ्याचा भयंकर राग आला. गरिबाच्या पोटाशी कसला खेळ हा!

उस्तादांनी मला दार लावायला सांगितलं. मग देवाजीचा हात धरला.

"लेका, मले तरी कुठं माहीत हाय! माहा उस्ताद सांगाच्या आधीच मेला. मी आपला धा ठिकाणी पाना फिरवतो. कुठंतरी लागू होते."

 देवाजीनं डोळे पुसले, पागोटं नीट केलं आणि दार उघडलं.

शेठजी धावलेच. "बताया क्या?"

"सांगतलं, शेठजी. सगळं सांगतलं!" देवाजी म्हणाला. "पण कोणालेच सांगू नको म्हणे!"