शिरोली-सातच्या बाई

आमच्या बाई वासावरून जिवाणू ओळखत. नळीचा कापसाचा बोळा किंचित सैल करायच्या, नाक जवळ न्यायच्या आणि डोळे मिटून म्हणायच्या, "ह्यात दुसरं काहीतरी घुसलंय. टाकून दे." असं करू नये, हे त्याच आम्हाला पहिल्या दिवशी शिकवत. पण मायक्रोस्कोपखाली बघितलं, की दर वेळी त्यांचंच खरं निघे. आधी मला त्याचं कौतुक होतं. पुढं पुढं वैताग यायला लागला, कारण महिनाभर नळीत वाढवून जपलेलं जिवाणूंचं कल्चर त्या एका श्वासात बाद करायच्या.

बाई कोल्हापुरातल्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायच्या आणि मी त्यांच्या हाताखाली पीएच.डी. करत होते. बाई राहायला गडमुडशिंगीला, शहराजवळच्या गावात. इकडच्या बायका बोलतात तसं "मी येतो, मी सांगतो" असं बोलायच्या, आणि पुण्या-मुंबईच्या परिषदेतही त्यात बदल नसे. एकदा तिथल्या कुणीतरी हसून विचारलं तेव्हा म्हणाल्या, "व्याकरण माझं चुकलं असंल पावणं, आकडे चुकल्यात का सांगा." आकडे चुकलेले नव्हते.

त्यांच्या नावावर मोठं असं एकच काम होतं. शिरोली एमआयडीसीत एका प्लेटिंगच्या कारखान्यामागं पिवळट पाणी साचायचं. क्रोमचं पाणी. त्याच्या कडेला गवतसुद्धा उगवत नसे. तिथली माती बाईंनी पिशवीतून आणली आणि तिच्यातून एक जिवाणू वेगळा काढला, जो ते विषारी क्रोम पचवून निरुपद्रवी करायचा. सातव्या नमुन्यात सापडला म्हणून त्याचं नाव शिरोली-सात. त्याच्यावरच माझं संशोधन चालू होतं. ते पाणी ओढ्यात सोडण्याआधी त्याच्याकडून साफ करून घेता येईल का, हे मला बघायचं होतं.

हा जिवाणू जो मागेल त्याला बाई देत. पत्र आलं, की दुसऱ्या दिवशी नळी तयार. ती वर्तमानपत्रात गुंडाळायची, चहापावडरीच्या रिकाम्या डब्यात घालायची आणि एसटीच्या कंडक्टरच्या हातात द्यायची. "मास्तर, सरळ धरा. आत जीव हाय." मी एकदा म्हटलं, "बाई, निदान कुठंतरी लिहून तरी घेऊया, कुणाला दिलं ते." त्यावर त्या म्हणाल्या, "माझी आई पोरवयात विहिरीच्या कडेला घागर घेऊन उभी राहायची. दुसरं कुणीतरी येऊन वरनं ओतंल म्हणून. कधी दुपार व्हायची. मागायला आलेल्या माणसाला मी उभं करत न्हाई."

नंतर मी तो विषय काढला नाही. पण नोंद ठेवली असती तर पुढचं बरंच टळलं असतं, असं मला आजही वाटतं.

दिवाळीच्या सुट्टीत आमचा डीप फ्रीजर बंद पडला. त्याच्या दुरुस्तीचा अर्ज तीन महिने एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत होता. सुट्टी संपवून आलो तर दारापर्यंत पाणी आलेलं. बाईंनी एकेक नळी काढून बघितली, वास घेतला, बाजूला ठेवली. शिरोली-सात गेला होता. फ्रीजरबाहेरच्या नळ्यांनाही बुरशी आली होती. पुन्हा माती आणावी म्हणून शिरोलीला गेलो, तर त्या जागेवर काँक्रीट झालेलं.

"आपण किती जणांना दिलाय," मी म्हटलं. "कुणाकडं तरी असेलच की."

बाईंनी आठवेल तसे फोन केले. एका कॉलेजात नळी मागवणारे सर बदलून गेले होते आणि नळ्या फेकल्या गेल्या होत्या. दुसऱ्या ठिकाणी कल्चर खराब झालेलं. शेवटी उरली मोठ्या शहरातली एक मोठी संस्था. त्यांचं साधं पोस्टकार्ड आलं तेवढ्यावर बाईंनी पूर्वी त्यांना नळी पाठवली होती. त्यांनी मात्र ती नीट जपली होती.

तिथल्या अधिकाऱ्याचा आवाज फार गोड होता. "हो मॅडम, आहे आमच्याकडं. एमटीए करावा लागेल." एमटीए म्हणजे संशोधनाचं साहित्य एका संस्थेनं दुसरीला देण्याचा करार.

बाई म्हणाल्या, "अवो, मीच दिलाय तुम्हाला तो."

"बरोबर आहे मॅडम, पण प्रोसेस आहे."

त्या प्रोसेसमध्ये अकरा महिने गेले. नऊ पानांचा फॉर्म आला. सही प्राचार्यांची चालेल असं कॉलेज म्हणालं, विद्यापीठाची हवी असं संस्था म्हणाली, आणि असल्या करारासाठी आमच्याकडं टेबलच नाही असं विद्यापीठ म्हणालं. मी त्या पायऱ्या इतक्या वेळा चढले की शिपाई मला नावानं ओळखायला लागला. सह्या झाल्या तर शिक्का चुकीच्या जागी पडला म्हणून कागद परत आले. शिक्का सुधारला, तोवर अधिकारी बदलले आणि फॉर्मही नवा आला. एका रकान्यात विचारलं होतं, 'या जिवाणूचा आपण यापूर्वी वापर केला आहे काय?' बाई हसल्या. मला हसू आलं नाही. माझी फेलोशिप संपली होती आणि प्रबंधाची वाढवून घेतलेली मुदतही सरत आली होती.

सगळे कागद जुळले, फक्त बाईंची सही उरली, तेव्हा त्या अडल्या. सातव्या पानावर एक अट होती. सदर जिवाणू कोणत्याही अन्य व्यक्तीस अथवा संस्थेस देणार नाही.

"ह्याच्यावर मी सही करायची न्हाई," त्या म्हणाल्या.

अट काढा म्हणून त्यांनी पत्र लिहिलं. मसुदा ठरलेला असतो, असं उत्तर आलं. कागद तीन आठवडे ड्रॉवरमध्ये पडून राहिले. एके दुपारी माझा तोल सुटला. मी म्हणाले, "बाई, तुमचं तत्त्व राहील, पण माझी पाच वर्षं जातील. तुमची नोकरी झालीय. माझी अजून लागायचीय."

दुसऱ्या दिवशी सकाळी सही केलेला करार माझ्या टेबलावर होता.

पार्सल आलं, थर्मोकोलच्या खोक्यातून, बर्फात. नळीवर संस्थेचा क्रमांक होता. शिरोली हा शब्द कुठंच नव्हता. दोन दिवसांनी कल्चर वाढलं तेव्हा बाईंनी बोळा सैल केला. "त्योच हाय," म्हणाल्या आणि नळी माझ्या हातात दिली.

माझा प्रबंध पुरा झाला. त्याच वर्षी, बाईंच्या निवृत्तीच्या आधी, आजऱ्याकडच्या एका लहान कॉलेजातून एका सरांचा फोन आला. मुलांच्या प्रकल्पासाठी त्यांना शिरोली-सात हवा होता. मी समोरच होते.

"हाय की सर माझ्याकडं," बाई म्हणाल्या. मग थांबल्या. "पण देता येत न्हाई... न्हाई न्हाई, तुमच्यावर राग कशाचा? सही करून बसलोय."

फोन ठेवून त्या बेसिनपाशी गेल्या आणि वापरलेल्या नळ्या घासायला लागल्या. ते त्यांचं काम नव्हतं. पण त्यांच्या हातातून नळ्या घ्यायची माझी हिंमत झाली नाही.

पुढं मी बाईंच्याच कॉलेजात लागले. निवृत्तीनंतर बाई आजारी होत्या, तेव्हा त्यांना भेटायला गडमुडशिंगीला गेले. बोलता बोलता त्यांनी विचारलं, "कुणी मागतंय का अजून?"

"सहा पत्रं आलीत."

"दिलंस?"

"नाही बाई."

"बरोबर केलंस. सही माझी हाय," त्या म्हणाल्या आणि सुनेला चहा ठेवायला सांगितला. त्यापेक्षा त्या माझ्यावर ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

चार महिन्यांनी बाई गेल्या. तेरा-चौदा दिवसांनी मी संस्थेला लिहिलं, की ती एक अट काढावी, लहान कॉलेजांना जिवाणू द्यायचा आहे. उत्तर आलं, की ज्यांच्या सहीनं करार झाला त्यांनी स्वतः अर्ज करावा. त्या वारल्याचं मी कळवलं. त्यावर काल मेल आला आहे. कळून दुःख झालं, मृत्यूचा दाखला जोडावा, मूळ प्रत आणि दोन झेरॉक्स.

उद्या रजा टाकली आहे. सकाळी गडमुडशिंगीच्या ग्रामपंचायतीत जाईन.