पैसा पाडायला किती लागतं

एका पैशाला देवाइतका मान देणारा माणूस मी उभ्या जन्मात एकच पाहिला, माझ्या थोरल्या नणंदेचे यजमान. अख्खं घर त्यांना दाजी म्हणायचं. सगळी नोकरी त्यांनी मुंबईला टांकसाळीत काढली आणि निवृत्त होऊन साताऱ्यात आमच्या शेजारी येऊन राहिले. आता जन्मभर ढिगानं नाणी पाडलेल्या माणसाला त्यांचं काय कौतुक उरावं? पण नाही. तेव्हा तो ॲल्युमिनियमचा चौकोनी एक पैसा असायचा बघा, फुंकर मारली तर उडेल असा. तो दोन बोटांत धरून दाजी उजेडाकडे न्यायचे. "वहिनी, धातू वितळला, पत्रा लाटला, तुकडे कापले, मग ठसा बसला. एवढ्या हातांतून आलाय हा. आणि मोल किती? एक पैसा!"

"मग पाडायला किती लागतं हो?" मी विचारायची.

दाजी आधी दाराकडे बघायचे. मग हळूच, "एकापेक्षा जास्त." बस. पुढचा आकडा म्हणजे सरकारी गुपित. वन्संनासुद्धा अठ्ठावीस वर्षांच्या संसारात तो कळला नव्हता. "घाट्याचा धंदा करणारं सरकार, आन् त्येचा चाकर माझा नवरा," त्या म्हणायच्या. वाण्यानं सुटे पैसे फळीवर फेकले की दाजी ओंजळ पुढे करायचे, "हातात द्या." रस्त्यात पैसा पडलेला दिसला, तर आधी पायातली चप्पल काढायची आणि मग तो उचलायचा. लोक हसायचे. मीही हसायची, पण मनात कुठेतरी हात जोडले जायचे.

या भक्तीपायी त्यांच्या एकुलत्या एक शालूचं लग्न मात्र रखडलं. पहिलं स्थळ सांगलीचं, मुलगा शिकलेला. तो आम्हाला घर दाखवायला न्यायला आला, सगळे एसटीनं निघालो, कृष्णेचा पूल आला, तसं त्या पोरानं खिडकीतून पाच पैसे नदीत टाकून हात जोडले. आपण सगळेच टाकतो की! दाजी पुढच्या थांब्यावर उतरून गेले. दुसऱ्या पोरानं त्यांच्यादेखत दहा पैशानं रेडिओचा स्क्रू पिळला. "कड चेपली हो!" दाजी असे कळवळले, जणू शालूचंच बोट चेंगरलं. तेही मोडलं.

तिसरं तासगावचं आलं. मुलगा साताऱ्याला येऊन शालूला बघून गेला, आणि आम्ही त्याचं घर बघायला निघालो, तेव्हा शालू मला एकीकडे नेऊन म्हणाली, "मामी, हा मला मनापासून आवडलाय. आता बाबांना तुम्हीच आवरा." मी शब्द दिला.

मुलाचे वडील लष्करातून आलेले, द्राक्षबागेचे मालक. बांधावरून आम्हाला बागेत उतरवत होते. खाली शेडचा पत्रा दिसत होता, आणि पत्र्यावर ओळीनं काहीतरी लखलखत होतं. दाजी थबकले.

"ते काय चमकतंय?"

"पैसं हायती, पाव्हणं. भोकं पाडून खिळ्याखाली घातल्यात."

वन्संनी माझा दंड असा दाबला की आठ दिवस वळ राहिला. दाजींनी शिडी मागितली. मी म्हटलं, "अहो दाजी, चहा गार होतोय." ऐकतंय कोण! वर चढून ते एकेका पैशावरून बोट फिरवत राहिले. माझ्या डोळ्यांपुढे शालूचा चेहरा.

"का?" वरून एवढाच शब्द आला.

"आवं, खिळ्याखालचं वायसर बाजारात तीन पैशाला. सरकार तसलंच, न गंजणारं, एका पैशाला देतंय. मला तवाच उमगलं, ह्यात सरकारच बुडतंय. म्हनलं, येवढ्या मेहनतीची वस्तू बरणीत कशाला लोळवा? घर राखंल. समदी भोकं म्या सवता पाडल्यात. कडंला हात लावून बघा, येक चेपलेली घावली तर मिशी उतरवीन."

दाजी उतरले. जन्मभर जे गुपित छातीशी धरलं, ते या माणसानं टांकसाळ न बघता, नुसत्या एका वायसरावरून ताडलं होतं. ते व्याह्यांच्या कानाशी वाकले आणि काहीतरी पुटपुटले.

"येवढं?"

"एवढं!"

दोघंही आ वासून पत्र्याकडे बघत राहिले, चांदण्या मोजायला बसलेल्या पोरांसारखे. मग दाजी म्हणाले, "साखर आणा." वन्सं डोळे पुसत फणकारल्या, "अठ्ठावीस वर्सं भाकरी म्या घातली, आन् आकडा ह्यास्नी!"

आता दाजी नाहीत, ते व्याही नाहीत, वन्संही गेल्या. आकडा कुणालाच ठाऊक नाही. एक पैसा तर भिकारीसुद्धा घेत नाही. परवा तासगावला शालूकडे गेले होते. नवी इमारत झालीय, पण जुनी शेड तिनं पाडू दिली नाही. "मामी, अजून एक खिळा गळत नाही," म्हणाली. मी बांधावर उभी राहून खाली बघितलं. पैसे काळवंडलेत, पण उन्हाची तिरीप आली तेव्हा ओळीच्या ओळी उजळल्या. पायांना माती गार लागली, तेव्हा कळलं, चप्पल मी कधीच काढून ठेवली होती.