पाइपातली निळी दोरी

मागच्या गल्ल्यांमधली माणसं तिला वायरवाली ताई म्हणत, आणि तिला त्यात काही वावगं वाटत नसे. कुणाच्या घरी इंटरनेट बंद पडलं की ती खांद्यावर शिडी टाकून हजर. मोठ्या कंपनीला फोन लावला तर आधी संगीत ऐकावं लागतं, मग दिलगिरी. ही बया थेट दारात उभी राहायची आणि पहिलं घरच्यांनाच झापायची, की बटण बंद ठेवून तक्रार कसली करता? तरी लोक तिच्यावर जीव टाकत.

हे काम तिच्या घरातच होतं. वडील टेलिफोन खात्यात केबल ओढायचे. रस्त्याखालच्या पाइपात केबल नुसती ढकलून जात नाही. आत आधीच एक दोरी सोडलेली असते. तिला केबल बांधायची आणि पुढच्या चेंबरमधून, म्हणजे रस्त्यातल्या झाकणाखालच्या खड्ड्यातून, ओढून घ्यायची. त्याच केबलबरोबर नवी दोरीही ओढून आत ठेवायची, म्हणजे नंतर येणाऱ्याचं काम अडत नाही. वडिलांचा दंडकच होता, की पुढच्यासाठी दोरी सोडल्याशिवाय झाकण लावायचं नाही. सुट्टीच्या दिवशी ते दोन्ही पोरांना सोबत न्यायचे. ताई दोरीचं टोक धरायची आणि धाकटा भाऊ ताईच्या फ्रॉकचं. म्हणून घरात त्याचं नाव पडलं शेपूट.

आई लवकर गेली आणि शेपटाला ताईनंच वाढवलं. बुटाची नाडी बांधण्यापासून सगळं तिनं शिकवलं. पुढे खात्याचे पाइप मोठ्या कंपनीकडे गेले आणि त्याच पाइपांवर सुपरवायझर म्हणून शेपूट चिकटला. त्याच्या मुलाखतीच्या शर्टाला इस्त्रीही हिनंच केली होती. इकडे हिनं स्वतःचं दुकान थाटलं आणि गच्च्यांवरून तारा टाकून गल्ल्यांना इंटरनेट दिलं.

मग शहरानं फर्मान काढलं, की डोक्यावर लोंबणाऱ्या तारा उतरवा आणि सगळं जमिनीखालून न्या. ताईच्या साऱ्याच तारा डोक्यावरच्या. खालचे पाइप कंपनीचे. तिनं रीतसर जागा मागितली, तर कंपनीनं कळवलं की पाइप भरलेत, क्षमस्व. म्हणजे दुकानाला टाळं.

असल्या अडवणुकीसाठीच नियामक मंडळ असतं. त्याचा नियम सरळ होता. ज्याच्या ताब्यात पाइप आहेत, त्यानं मोकळी जागा इतरांना द्यायची, आणि ज्या अटींवर स्वतः वापरतो त्याच अटींवर द्यायची. नाही म्हणायचं असेल तर जागा खरोखरच नाही हे दाखवायचं. त्यासाठी मंडळाचा तपासनीस येऊन चेंबर उघडून बघतो. कोणता उघडायचा ते तक्रार करणाऱ्यानं त्याच दिवशी, जागेवर सांगायचं, आधी नाही. कंपनीला सारवासारव करायला सवड मिळू नये म्हणून कुणीतरी शहाण्यानं ही अट घातली होती. ताईनं ती आपल्या स्वयंपाकघरात बसून मोडली.

शेपूट जेवायला आला होता. भात वाढता वाढता तिनं त्याला सांगून टाकलं, की बेकरीसमोरचा चेंबर उघडायला लावणार. बाबांनी शेवटचं काम केलं तो. कोपऱ्यातला पाइप तेव्हा रिकामाच राहिला होता आणि त्यांची निळी दोरी अजून आत असणार. शेपटानं वरण मागून घेतलं आणि म्हणाला, बरं केलंस. समोरच्या पक्षाचा माणूस आपल्या ताटावर बसलाय, हे तिच्या डोक्यातसुद्धा आलं नाही. आलं असतं तर तिनं स्वतःच्याच थोबाडीत मारून घेतली असती.

तपासणीला मंडळाच्या बाई आल्या. कंपनीकडून शेपूटच उभा होता, आणि त्याला बघून ताईला उलट हायसं वाटलं. तिनं बेकरीसमोर बोट दाखवलं. त्यानं झाकण उचललं. आत एकूण एक पाइपाच्या तोंडातून जाड काळी केबल बाहेर आलेली, कोपऱ्यातल्यासुद्धा.

"सगळ्या चालू आहेत?" बाईंनी विचारलं.

"हो मॅडम. भरलाय."

ताई वाकून बघत राहिली. कोपऱ्यातली केबल भिंतीतल्या कडीला निळ्या दोरीनं बांधलेली होती. बाबांचीच दोरी, कापून घेतलेली. आणि गाठ होती दुहेरी, तिनं बुटाच्या नाडीवर शिकवलेली. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच.

काही हरकत आहे का, नसेल तर तसा अहवाल देते, असं बाई म्हणाल्या. बोलावं तर भावाची नोकरी जाणार, गप्प बसावं तर दुकान. शेपटानं तेव्हा पहिल्यांदाच तिच्याकडे पाहिलं, अगदी शांतपणे. ती चेंबरमध्ये उतरली, गाठ सोडली आणि केबल ओढली. हातभर तुकडा बाहेर आला. त्याच्या मागे काहीच नव्हतं.

मंडळाचा आदेश ताईच्या बाजूनं लागला. कंपनीनं हात वर केले, हा सुपरवायझरचा स्वतःचा आगाऊपणा म्हणाली आणि त्याला घरी बसवलं. ताई मात्र मनाशी घोकत राहिली, की बिचारा भ्याला असेल, साहेबांनी दम दिला असेल.

कोपऱ्यातल्या पाइपात तिची केबल पडत होती त्या दिवशी तो येऊन उभा राहिला. तिनं एवढंच विचारलं, "मी तोच चेंबर उघडायला लावणार हे तुला ठाऊक होतं. भीती नाही वाटली?"

"कसली भीती, ताई? मला खात्री होती, मला बघून तू ओढणार नाहीस."

म्हणजे भीतीबिती काही नव्हतीच. तिच्या मायेच्या भरवशावर त्यानं बाबांची दोरी कापली होती. तिनं केबल ओढून घेतली, पुढच्यासाठी नवी दोरी आत सोडली. झाकणाला हात द्यायला तो वाकला.

"राहू दे," ती म्हणाली. "मी लावते."