पसरलेले हात

मॉलच्या दारात तपासणीच्या रांगेत माझा नंबर आला, तेव्हा माझी तीन वर्षांची भाची पुढे सरकली आणि तिने दोन्ही हात बाजूला पसरले. तपासणाऱ्या बाई हसल्या. "तुला नाही गं तपासायचं, जा आत," म्हणाल्या. पण ती हलेना. शेवटी त्यांनी हातातलं तपासणीचं यंत्र तिच्या फ्रॉकवरून फिरवलं, तशी ती वळून पाठ करून उभी राहिली. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

मलाही कुणी शिकवलं नव्हतं. बॉम्बस्फोट मी लहानपणी फक्त टीव्हीवर पाहिला. तरी बागेतल्या बाकावर एखादी पिशवी एकटी दिसली की मी अजूनही लांबून जाते. कुणाची बिचाऱ्याची राहिली असेल, हे मागाहून सुचतं. ज्यांची माणसं गेली, त्यांच्यापुढे याला दुःख म्हणायची लाज वाटते. पण आमचंही काहीतरी गेलं, आणि जाताना कळलंसुद्धा नाही.

संध्याकाळी दादा कामावरून आला. लेकीला उचलून घ्यायला त्याने दारातच हात पुढे केले. ती धावत आली, त्याच्यासमोर थांबली, हात पसरले आणि हसत हसत पाठ करून उभी राहिली.